हाड शाबूत, पण मान?

दिवाळीच्या अंकात पथ्यपाण्याच्या गोष्टी सांगू नयेत, असा एक अलिखित संकेत आहे. फराळाचे ताट समोर असताना अजीर्णावर प्रवचन देणारा पाहुणा कोणालाच आवडत नाही. म्हणून या खेपेला आम्ही चकलीला नावे ठेवणार नाही, की करंजीतले तूप मोजणार नाही. बोलायचे आहे ते मानेविषयी. त्याला कारणही दिवाळीच आहे. आकाशकंदील टांगण्यासाठी टेबलावर ठेवलेले स्टूल, अभ्यंगस्नानाच्या पहाटे तेलाने निसरडी झालेली न्हाणीघराची फरशी आणि भाऊबीजेला बहिणीच्या गावी निघालेली मोटारसायकल ही तिन्ही या सणाची नेहमीची सोबतीण आहेत आणि तिन्ही मानेच्या वैरिणी आहेत.

छत्रपती संभाजीनगरात अपघात झाला की पहिला शब्द तोंडी येतो तो 'घाटी'. पाणचक्कीच्या वाटेवरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय यांना सारा मराठवाडा याच नावाने ओळखतो. हे महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले, तेव्हा गाव लहान होते. आज जालना रस्ता, बीड बायपास, वाळूजचा औद्योगिक पट्टा आणि शहराजवळून जाणारा समृद्धी महामार्ग यांवरून चोवीस तास वाहने धावतात. जालना, बीड, परभणी, हिंगोली इथपासून माणसे उपचारासाठी या शहरात येतात. अशा कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर घटकाभर उभे राहा. एक वाक्य हमखास कानी पडेल, "हाड मोडलेलं नाही ना, डॉक्टर? मग झालं तर!" आणि इतका वेळ रोखून धरलेला श्वास सुटतो.

ही सुटका नव्वद जणांच्या बाबतीत खरी असेलही. पण मानेच्या बाबतीत 'हाड मोडले नाही' एवढ्यावर गोष्ट संपत नाही. ती का संपत नाही, हेच आजचे आपले निरूपण.

तंबूचे खांब आणि तंबूचे दोर

मानेत सात मणके असतात. आपल्याला सात आणि जिराफालाही सातच! या सात मणक्यांच्या उतरंडीवर साडेचार-पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. उतरंड ढासळत नाही, कारण मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. शास्त्रीय मराठीत त्यांना अस्थिबंध म्हणतात आणि डॉक्टर लिगामेंट म्हणतात. एक लांबलचक पट्टा मणक्यांच्या पुढच्या अंगाने जातो, दुसरा पाठच्या अंगाने. मागच्या कमानींना जोडणारा एक पिवळसर, लवचीक पट्टा असतो. मानेच्या मागे हाताला लागणाऱ्या टोकांच्या मधूनही असेच बंध ओवलेले असतात. या सगळ्यांच्या मधल्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली उतरतो. हातापायांची हालचाल, स्पर्श, लघवी-शौचावरचा ताबा, इतकेच काय पण श्वासोच्छ्वास, या सर्वांच्या तारा त्या एका दोरखंडातून जातात.

जत्रेतला तंबू आठवा. खांब म्हणजे हाडे आणि ताणलेले दोर म्हणजे अस्थिबंध. एखाद्या रात्री कोणी दोन दोर कापले आणि वारा पडलेला असला, तर सकाळी तंबू उभाच दिसेल. फोटो काढला तर खांब सरळ, सगळे ठाकठीक. पण वाऱ्याची एक झुळूक आली की तो कोणत्या बाजूला कलेल, याचा नेम नाही. मानेचे अस्थिबंध तुटतात तेव्हा नेमके असेच घडू शकते. हाड शाबूत असते, पण बांधणी सुटलेली असते. अशा माणसाला "काही झालं नाही, उठा" म्हणून बसते केले, तर कलणाऱ्या तंबूखाली सापडतो तो मज्जारज्जू.

सर्वांत वरची जोडी तर विलक्षण आहे. पहिला मणका बांगडीसारखा गोल. त्याचे नाव अ‍ॅटलास. आपल्याकडे पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे, तसे ग्रीकांच्या पुराणात आकाश या अ‍ॅटलासच्या खांद्यावर आहे. त्याच्या खालच्या मणक्याला एक उभा खुंटा असतो आणि जात्याचा वरचा दगड मधल्या खिळ्याभोवती फिरावा, तशी ही बांगडी त्या खुंट्याभोवती फिरते. आपण 'नाही, नाही' म्हणून मान हलवतो, ती निम्मी हालचाल या एका सांध्याची. बांगडीच्या आतल्या जागेचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात. एका वाट्यात खुंटा, एकात मज्जारज्जू आणि तिसरा मोकळा. खुंट्याने मज्जारज्जूच्या वाट्यात घुसू नये म्हणून मध्ये एक आडवा अस्थिबंध ताणून बसवलेला आहे. बोटभर लांबीचासुद्धा नसेल, पण त्याच्यावर जीव अवलंबून!

फोटोत दिसते काय आणि लपते काय

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग येथे रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हे किरण मांसातून सहज पार होतात आणि हाडातल्या कॅल्शियमपाशी अडतात. म्हणून हाडाची सावली पांढरी उमटते. अस्थिबंधात कॅल्शियम नाही, त्यामुळे त्याची सावलीच पडत नाही. फोटोत खांब दिसतात, दोर दिसत नाहीत, ते यामुळे.

तरी जाणता डॉक्टर साध्या फोटोवरूनही पुष्कळ ताडतो. बाजूने घेतलेल्या फोटोत मणक्यांच्या कडा एका सलग रेषेत आहेत का, दोन मणक्यांच्या मागच्या टोकांमध्ये एकाच ठिकाणी फट रुंदावली आहे का, मणक्यांच्या पुढे घशाच्या बाजूला सूज आली आहे का, हे तो पाहतो. बांगडी आणि खुंटा यांच्यातले अंतर मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपेक्षा आणि लहान मुलात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरले, तर आडव्या अस्थिबंधाविषयी शंका येते. एका मणक्यावरून दुसरा साडेतीन मिलिमीटरहून अधिक सरकलेला असणे, किंवा शेजारच्या मणक्यांच्या मानाने ११ अंशांहून अधिक कललेला असणे, हीही बांधणी सुटल्याची जुनी, मान्य झालेली खूण आहे. मात्र फोटोत सातवा मणका आणि त्याखालचा पाठीचा पहिला मणका दिसलाच पाहिजे. भरदार खांद्यांच्या माणसात नेमका तोच भाग खांद्याच्या सावलीत बुडतो. म्हणून "आणखी एक फोटो लागेल" असे सांगितले, तर तो पैसे उकळण्याचा डाव समजू नये.

पूर्वी मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन दोन फोटो घेत. बांधणी सैल असेल तर मणका सरकलेला दिसे. युक्ती चांगली, पण ताज्या दुखापतीत मानेचे स्नायू आखडलेले असतात आणि ते मणक्यांना हलूच देत नाहीत. फोटो खोटा दिलासा देतो. म्हणून पहिल्या दिवसांत आता या पद्धतीवर फारशी भिस्त ठेवत नाहीत. क्वचित काही आठवड्यांनी, आखडलेपण गेल्यावर, ती वापरतात. घरच्या घरी "मान हलवून बघ बरं" हा प्रयोग मात्र कधीच करू नये.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि सी. टी. स्कॅनचे युग सुरू झाले. यात क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि संगणक त्या मोजमापांवरून पावाच्या कापांसारखे पातळ काप चित्रात मांडतो. साध्या फोटोत निसटणारी बारीक चीर यात सापडते. म्हणून मोठ्या अपघातातल्या प्रौढ रुग्णाची मान हल्ली पुष्कळ ठिकाणी थेट सी. टी. स्कॅननेच तपासतात. पण मूळ किरण तेच, त्यामुळे यातही अस्थिबंध प्रत्यक्ष दिसतो तो फार अंधुक.

दोर खरोखर दाखवते ते एम. आर. आय. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या पद्धतीची पहिली चित्रे प्रसिद्ध केली आणि पुढे पीटर मॅन्सफील्ड यांच्याबरोबर त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरण नाहीतच. शक्तिशाली चुंबक शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला रांगेत उभे करतो, रेडिओलहरी त्याला क्षणभर हलवतात आणि परतताना तो जो संदेश देतो, त्याचे चित्र बनते. अखंड अस्थिबंध काळ्या रेघेसारखा दिसतो. तो तुटला की रेघ खंडते आणि तिथे साचलेले पाणी आणि रक्त, चरबीचा उजेड दाबून घेतलेल्या चित्रात, दिव्यासारखे चमकते. ही सूज पुढे ओसरते, म्हणून गरज असेल तर ही तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली बरी. मणक्यांमधली चकती सरकली आहे का आणि मज्जारज्जूला मार बसला आहे का, हेही एम. आर. आय. च सांगते.

अण्णांच्या गुंड्या

समजा, नरकचतुर्दशीची पहाट आहे. सत्तरीचे अण्णा उटणे लावून न्हाणीघरात गेले, पाय घसरला आणि कपाळ बादलीच्या कडेवर आपटले. मान मागे फेकली गेली. कपाळाला खोक पडली, तिला टाके घातले. फोटो काढला. "वयोमानाने झीज आहे, मोडलेलं काही नाही." घरची मंडळी निर्धास्त झाली.

"अण्णा, फोटोत काही नाही म्हणतात. उठा बरं, फराळाचं थांबलंय."

"सूनबाई, पाय चालतात गं. पण हातांची आग होते नि सदऱ्याची गुंडी काही लागेना."

ही सून शहाणी असेल, तर फराळ तसाच ठेवून त्यांना पुन्हा रुग्णालयात नेईल. अमेरिकेतील श्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ मध्येच हे दुखणे वर्णन केले आहे. उतारवयात मणक्यांची नळी आधीच अरुंद झालेली असते. मान जोराने मागे गेली की मज्जारज्जू पुढून-मागून चिमटला जातो आणि त्याच्या मधल्या भागाला मार बसतो. मग पायांपेक्षा हात अधिक दुबळे होतात. हाड एकही मोडलेले नसते. पुढचा लांब अस्थिबंध फाटला आहे का, चकती उघडली आहे का, हे साधा फोटो सांगत नाही, एम. आर. आय. सांगते. शर्टाची गुंडी न लागणे ही म्हातारपणाची कटकट नव्हे, ती मज्जारज्जूची हाक आहे.

दुसरे टोक लहान मुलांचे. त्यांचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू कोवळे आणि अस्थिबंध सैल. मणके क्षणभर सरकतात, मज्जारज्जूला हिसका देतात आणि पुन्हा जागेवर येतात. १९८२ मध्ये पँग आणि विल्बर्गर यांनी अशा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. फोटो निर्दोष, पण हातापायांत शक्ती नाही. काहींना तर दुबळेपणा काही तासांनी किंवा दिवसांनी दिसू लागला. म्हणून पडलेले मूल "हाताला मुंग्या येतात" किंवा "पाठीत वीज चमकली" म्हणाले, तर ते शाळा बुडवण्याचे निमित्त समजू नये.

सगळ्यांनाच यंत्रात घालायचे काय?

इथवर वाचून एखादे काळजीवाहू गृहस्थ म्हणतील, "मग मान लचकली की सरळ एम. आर. आय. च करून टाकावी!" तसे मुळीच नाही. यंत्र ज्याला-त्याला लावले तर गरजूची पाळी मागे पडते आणि घरखर्चाचाही बोजवारा उडतो. शिवाय हे यंत्र अति चौकस आहे. साधा ताण पडून आलेली सूजही ते चमकवून दाखवते. चमक म्हणजे प्रत्येक वेळी तुटलेला दोर नव्हे. चित्राचा अर्थ रुग्णाला तपासूनच लावायचा असतो.

कोणाला चित्राची गरज आहे, हे ठरवण्याचे नियम पुष्कळ रुग्ण तपासून बांधले गेले आहेत. अमेरिकेतल्या २१ रुग्णालयांत ३४,०६९ रुग्ण पाहून २००० साली पाच प्रश्नांचा एक नियम प्रसिद्ध झाला. मानेच्या मध्यरेषेवर दाबल्यावर दुखते का? हातापायांत दुबळेपणा किंवा बधिरपणा आहे का? माणूस पूर्ण शुद्धीवर आहे ना? दारूचा अंमल आहे का? मानेचे दुखणे विसरायला लावील अशी दुसरी मोठी दुखापत आहे का? पाचही उत्तरे निर्धोक असतील, तर बहुधा फोटोचीसुद्धा गरज नसते. २००१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी ८,९२४ रुग्णांवरून दुसरा नियम मांडला. वय ६५ किंवा अधिक असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा अपघात धोक्याच्या जातीचा असेल, तर चित्र काढावेच. धोक्याच्या जातीचा म्हणजे कोणता? एक मीटर किंवा पाच पायऱ्यांवरून पडणे, डोक्यावर उभा दाब येणे, वाहनातून फेकले जाणे. आकाशकंदिलाचे टेबल आणि त्यावरचे स्टूल मिळून एक मीटर सहज भरते, हे आमच्या उत्साही तरुणांनी ध्यानात घ्यावे. विहिरीत डोके खाली करून सूर मारणारे आणि दहीहंडीच्या थरावरून कोसळणारे गोविंदा हे दोघेही याच यादीत येतात.

बेशुद्ध रुग्णाचा प्रश्न अवघड, कारण "दुखते का?" हे विचारायचे कोणाला? अशा वेळी मानेचा कडक पट्टा किती दिवस ठेवावा, यावर बराच वाद झाला. पट्टा निरुपद्रवी नसतो. त्याने कातडीला जखमा होतात, मेंदूवरचा दाबही वाढू शकतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अपघात-शल्यचिकित्सकांच्या एका संघटनेने सल्ला दिला की, उत्तम प्रतीच्या सी. टी. स्कॅनमध्ये काही दोष न आढळल्यास बेशुद्ध प्रौढाचा पट्टा काढावा. तरीही काही डॉक्टर रुग्णागणिक विचार करून एम. आर. आय. मागतात. दोन डॉक्टरांचे मत वेगळे पडले, तर त्यातला एक अडाणी असतोच असे नाही.

आणि साधी लचक? मागून गाडीची धडक बसून मानेला हिसका बसतो, त्या बहुतेकांचे अस्थिबंध तुटलेले नसतात. अशांना पूर्वी महिना महिना पट्टा बांधून बसवीत. आता डॉक्टरांनी निर्धोक ठरवल्यावर मान लवकर, बेताबेताने हलवणेच हितकर मानतात.

दोर तुटलाच, तर?

काही अस्थिबंध विश्रांतीने आणि पट्ट्याने सावरतात, काहींना शस्त्रक्रियेने आधार द्यावा लागतो. तो आडवा अस्थिबंध मधोमध तुटला, तर आपोआप सांधण्याची आशा थोडी. आणि इथे महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. अतुल गोएल यांनी पहिल्या दोन मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवून ते धातूच्या पट्ट्यांनी जोडण्याची पद्धत रूढ केली. १९९४ मध्ये त्यांचा आणि लाहेरी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे २००१ मध्ये जर्मनीतल्या हार्म्स यांनी सळ्यांचा वापर करून तिचे दुसरे रूप मांडले. आज जगभर तिला गोएल-हार्म्स पद्धत म्हणतात. परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयातली विद्या परदेशातल्या शस्त्रक्रियागृहांत पोचली, ती अशी.

घरच्यांनी काय करावे?

यंत्रे रुग्णालयात असतात, पण पहिली दहा मिनिटे तुमच्या-आमच्या हातात असतात. पडलेल्या माणसाला काखेत आणि पायाला धरून गाठोड्यासारखे उचलू नये. रिक्षात बसवून नेऊ नये. "पाणी पाजा" हा तर आपला राष्ट्रीय उपचारच, तोही टाळावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत डोके दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरावे. वाकडी झालेली मान ओढून सरळ करू नये. ओकारी होत असेल, तर एकाने डोके आणि इतरांनी धड धरून ओंडका वळवावा तसे एकाच वेळी सारे अंग कुशीवर वळवावे. मात्र श्वास सर्वांत आधी. श्वास अडत असेल किंवा आगीचा धोका असेल, तर मानेसाठी जीव घालवू नये. हेल्मेट श्वासाला अडथळा करीत नसेल तर तसेच राहू द्यावे. काढावेच लागले तर दोघांनी मिळून, एकाने मान धरून, दुसऱ्याने हळूहळू काढावे.

आणि पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्या भल्या माणसाला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही.

एम. आर. आय. ला नेताना गृहिणींनी मंगळसूत्र, बांगड्या, केसातले आकडे, पिना घरच्यांपाशी काढून द्याव्यात. कवळी आणि कानातले यंत्रही काढावे. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल, किंवा शरीरात कोठेही धातू असेल, तर ते आधीच सांगावे. दिवस गेलेले असल्यास फोटो किंवा सी. टी. स्कॅनपूर्वी सांगावे. यंत्र मोठा खडखडाट करते आणि अर्धा तास निश्चल पडून राहावे लागते. त्याला भिऊ नये. खर्चाची चिंता असेल, तर सरकारी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे चौकशी करावी.

घरी पाठवलेल्या रुग्णावरही दोन दिवस लक्ष असू द्यावे. हाताला मुंग्या, पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे, लघवी तुंबणे, मान एका बाजूला अडकून राहणे, यांपैकी काहीही दिसले, तर फोटोचे पाकीट घेऊन थेट परत जावे. आणि "फोटो चांगला आहे" एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारावा, "हाडाचं कळलं डॉक्टर, बांधणीचं काय?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

न्हाणीघरात आज एक खडबडीत पायपुसणे टाका. कंदील टांगायला नीट शिडी आणा आणि ती धरायला एक माणूस उभा करा. भाऊबीजेच्या वाटेवर हेल्मेटचा बंद हनुवटीखाली आवळा आणि ओढणीचे किंवा पदराचे टोक चाकापासून दूर खोचून घ्या. मग फराळावर कितीही ताव मारा. वाचकहो, ही दिवाळी तुम्हां सर्वांना ताठ मानेने साजरी करायला मिळो!